ऑफसाइडचा नियम न्याय्य आहे काय?



ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण आणि संतवाङ्मय यांवर व्याख्याने होतात, तेथे फुटबॉलच्या एका नियमाची चर्चा कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. त्याचे कारण आधी सांगतो. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात, म्हणजे नियम, कलमे आणि करार यांच्या सहवासात गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण मागणीपत्रे लिहिता लिहिता आणि स्थायी आदेशांची पुस्तके वाचता वाचता झाले. नियम न्याय्य केव्हा म्हणावा, आणि न्याय्य नियमाच्या हातूनही अन्याय कसा घडतो, हा प्रश्न आम्हांला रोज भेटतो. तोच प्रश्न फुटबॉलच्या मैदानावर हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत दीड तासात उभा राहतो, म्हणून तो तेथे समजून घेणे सोपे जाते. शिवाय हे कोल्हापूर आहे. येथे तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहतात, पेठापेठांत सामन्यांवरून वाद रंगतात, आणि शाहू स्टेडियमवर रेषापंचाने निशाण वर केले की अर्धे प्रेक्षक टाळ्या वाजवतात व उरलेले अर्धे त्या पंचाच्या कुळाचा उद्धार करतात. तेव्हा विषय परका नाही.

नियम काय आहे

ज्यांनी मैदानाकडे कधी पाऊल वळवले नाही, त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगितला पाहिजे. प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात उभा असलेला खेळाडू, त्याच्या साथीदाराने चेंडूला पाय लावला त्या क्षणी, चेंडूच्याही पुढे आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइडच्या जागी आहे. शेवटचा खेळाडू बहुधा गोलरक्षक असतो. म्हणून व्यवहारात अर्थ असा की, गोलरक्षकाखेरीज निदान एक प्रतिस्पर्धी तरी त्याच्या पुढे किंवा त्याच्या बरोबरीत हवा. हे मोजताना डोके, धड आणि पाय धरतात. हात धरत नाहीत, कारण हाताने गोल करता येत नाही.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, हिशेब चेंडू मारला त्या क्षणाचा आहे, चेंडू मिळाला त्या क्षणाचा नाही. चेंडू सुटल्यावर कोणी धावत पुढे निघून गेला तर तो त्याच्या पायांचा पराक्रम. दुसरी अशी की, नुसते त्या जागी उभे राहणे हा गुन्हा नाही. तेथून खेळात भाग घेतला, प्रतिस्पर्ध्याला अडवले किंवा त्या जागेचा फायदा उठवला, तरच पंच शिट्टी वाजवतो आणि प्रतिपक्षाला अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. गोल किक, थ्रो-इन आणि कॉर्नर यांतून थेट आलेल्या चेंडूला हा नियम लागू नाही.

एका वाक्यात सांगावयाचे तर, जो मागून धावत येऊन दार गाठतो त्याला मज्जाव नाही. जो आधीपासून दाराशी टपून बसला आहे त्याला मज्जाव आहे. नियमाचा हेतू एवढाच. हा हेतू आपण लक्षात ठेवू, कारण पुढचा सारा वाद त्याच्याभोवती फिरणार आहे.

बंधन म्हणजे अन्याय नव्हे

पुष्कळांची पहिली हरकत अशी असते की, मैदान मोकळे आहे, खेळाडूला पाय आहेत, मग त्याने कोठे उभे राहावे हे दुसऱ्याने का ठरवावे? या हरकतीत फारसा जोर नाही. आपल्या खो-खोचेच पाहा. खो मिळाल्यावर पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला उलटे फिरता येत नाही, आणि दोन खांबांमधली मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणारा मात्र हवा तिकडे वळतो. हे बंधन काढून टाका, खो-खो संपला; उरली नुसती पळापळ. प्रत्येक खेळ काही सोपे मार्ग बंद करतो आणि त्यायोगे अवघड मार्गांना किंमत आणतो. तेव्हा बंधन आहे एवढ्यावरून नियम अन्यायाचा ठरत नाही. ते बंधन कशासाठी आहे, दोन्ही बाजूंना सारखे आहे काय, आणि ते प्रामाणिकपणे लागू करता येते काय, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

नियम आला कोठून

हा नियम जवळजवळ संघटित फुटबॉलइतकाच जुना आहे. १९व्या शतकात इंग्लंडमधील धनिकांची मुले ज्या निवासी शाळांत शिकत, त्या शाळांचे चेंडूचे खेळ निरनिराळे होते. तरी चेंडूच्या पुढे जाऊन गोलापाशी टपून राहणे पुष्कळ ठिकाणी हलकेपणाचे मानले जाई. ईटनच्या शाळेत त्याला जे नाव होते त्याचा अर्थच मुळी चोरपावलांनी शिरणे असा आहे. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. त्याच वर्षी जे नियम मंजूर झाले त्यांत ऑफसाइडचे कलम फार कडक होते: चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक खेळाडू खेळाबाहेर. म्हणजे पुढे उभ्या असलेल्या साथीदाराकडे चेंडू देण्याची सोयच नव्हती. एकाने चेंडू पायाशी खेळवत पुढे न्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे चालायचे, असा तो खेळ होता.

याच सुमारास पोलादाच्या आणि सुऱ्या-कात्र्यांच्या कारखान्यांचे शहर शेफील्ड येथे दुसरी तऱ्हा होती. तेथील क्लब १८५७ साली स्थापन झाला आणि १८५८ साली त्याने आपले नियम लिहून काढले. त्यांत ऑफसाइड नव्हताच. त्यामुळे काही खेळाडू प्रतिपक्षाच्या गोलाजवळ मुक्काम ठोकून राहत आणि चेंडू कधी येतो याची वाट पाहत.

अशी ही दोन टोके होती. एका टोकाला पुढे असणे हाच अपराध, दुसऱ्या टोकाला पुढे असण्यावर काहीच बंधन नाही. १८६६ साली लंडनच्या असोसिएशनने मधला मार्ग काढला. पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलाच्या मध्ये प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असतील तर तो खेळात आहे, असे ठरले. १८७७ साली शेफील्डनेही लंडनचे नियम स्वीकारले.

या दुरुस्तीने काय झाले ते पाहण्याजोगे आहे. पुढच्या साथीदाराकडे चेंडू देणे कायदेशीर झाले, आणि पास देण्याची कला जन्माला आली. १८६७ साली स्थापन झालेल्या ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबने आणि एकूणच स्कॉटलंडच्या खेळाडूंनी ती वाढवली. एकट्याच्या पायातील कसब मागे पडले असे नाही, पण अकरा जणांचे सहकार्य हे त्याहून मोठे बळ आहे, ही गोष्ट मैदानावर दिसू लागली. तोवर खेळाडूही बदलत होते. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबू लागले, त्यांच्यामागोमाग पुरुषांनाही ती सवड मिळत गेली, आणि शनिवारची दुपार हळूहळू फुटबॉलची झाली. १८८३ साली एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या गिरणीगावच्या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला २-१ असे हरवले. ज्यांनी खेळाचे नियम केले त्यांच्या हातून तो कप गिरणीवाल्यांकडे गेला, आणि तोही त्यांच्याच नियमांनी खेळून.

१९२५ ची दुरुस्ती

तीन खेळाडूंचा हा नियम सुमारे साठ वर्षे टिकला. पण कोणताही नियम फार दिवस राहिला की त्याच्यातील फट कोणीतरी शोधून काढतोच. ही फट शोधणाऱ्यांत न्यूकॅसल युनायटेडचा आयरिश बचावपटू बिल मॅक्रॅकन अग्रणी होता. तीन खेळाडू मागे हवेत ना? मग गोलरक्षक आणि एक बचावपटू मागे ठेवायचा आणि दुसऱ्याने योग्य क्षणी मध्यरेषेच्या दिशेने चार पावले पुढे सरकायचे. प्रतिपक्षाची सारी आघाडी एका झटक्यात ऑफसाइड. नेम चुकलाच तर मागचा बचावपटू सांभाळून घ्यायला होताच. १९०७ साली, आपल्या अर्ध्या भागात खेळाडू ऑफसाइड धरू नये अशी दुरुस्ती झाली होती, तरीही हा सापळा चालू राहिला. पाहुणा संघ न्यूकॅसलच्या स्टेशनात उतरला, गार्डाने शिट्टी वाजवली, आणि एक खेळाडू म्हणाला, "आत्ताच ऑफसाइड झालो की काय!" असा विनोद त्या काळी प्रचलित होता. विनोदावर हसू आले तरी प्रेक्षक कंटाळले होते. खेळ मध्यरेषेच्या आजूबाजूला एका अरुंद पट्ट्यात कोंडला होता.

१९२५ साली तीनाचे दोन झाले. परिणाम आकड्यांत पाहा. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये १९२४–२५ च्या हंगामात १,८४८ सामन्यांत ४,७०० गोल झाले होते. पुढच्या हंगामात तेवढ्याच सामन्यांत ६,३७३ झाले. सामन्यामागे अडीचाचे जवळजवळ साडेतीन. सारे मैदान आघाडीवाल्यांना आंदण दिले की काय असे वाटू लागले. पण ३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० असे चीत केल्यावर आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन आणि खेळाडू चार्ली बकन यांनी उपाय शोधला. मध्यफळीतील मधला खेळाडू मागे घेऊन त्याला तिसरा बचावपटू केला. इतर संघांनीही ती रचना उचलली, आणि बचाव व चढाई यांचा तोल पुन्हा जमू लागला.

करारावर सही करून उठलेल्या माणसाला यातील धडा लगेच कळतो. कलम बदलले की दोन्ही बाजू आपापली बैठक बदलतात, आणि काही वर्षांनी त्याच कलमाचा परिणाम वेगळा होतो. म्हणून नियम एकदाच तोलून भागत नाही. पुन्हा पुन्हा तोलावा लागतो. १९९० साली आणखी एक लहानशी दुरुस्ती झाली. तोवर शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत असलेला खेळाडू ऑफसाइड धरला जाई; तेव्हापासून बरोबरीतला खेळाडू खेळात आहे असे मानतात. प्रत्येक मोठी दुरुस्ती चढाई करणाऱ्याच्या बाजूने झाली आहे. हा नियम कडक जन्मला आणि अनुभवाने मऊ होत गेला.

एक भारी हरकत

आता ज्या हरकतीत खरोखर वजन आहे तिच्याकडे वळू. ती अशी: आघाडीचा खेळाडू आपल्या जागी उभा आहे. त्याने काहीही केलेले नाही. प्रतिपक्षाचा बचावपटू दोन पावले पुढे सरकला, आणि हा माणूस जागच्या जागी दोषी ठरला. दुसऱ्याच्या पावलाने आपण अपराधी व्हावे, हा कोठला न्याय?

या हरकतीचे आम्ही दोन भाग करतो. पहिला भाग असा की, रेषा हलती असली तरी ती गुप्त नाही. दोघेही एकमेकांना पाहू शकतात. बचावपटू पुढे सरकतो त्याच क्षणी त्याच्या पाठीमागे मोकळे रान पडते, आणि मागून धावत येणाऱ्या दुसऱ्या खेळाडूला ते खुले असते. सापळा लावणारा स्वतःही जोखीम घेतो. एका बाजूला सारा लाभ आणि दुसऱ्या बाजूला सारी झीज असा हा सौदा नाही.

दुसरा भाग आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ऑफसाइडचा सापळा एकट्याला लावता येत नाही. चार बचावपटूंनी एकाच वेळी, एकाच इशाऱ्यावर पुढे सरकावे लागते. एक जण जरी मागे रेंगाळला तरी सगळ्यांचा डाव फसतो. ज्याने संप चालवला आहे त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी कतारमधील विश्वचषकात सौदी अरेबियाचा सामना अर्जेंटिनाशी झाला. अर्जेंटिनाचा संघ त्याआधी ३६ सामने हरला नव्हता, आणि त्यात मेस्सी होता. सौदीच्या बचावफळीने धाडस करून आपली रेषा खूप पुढे आणली. पहिल्या अर्ध्या वेळात अर्जेंटिनाने चेंडू आणखी तीनदा जाळ्यात घातला, आणि तिन्ही वेळा तो गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला. पेनल्टीवरचा एक गोल तेवढा पदरात पडला. उत्तरार्धात सौदीने दोन गोल केले आणि सामना २-१ असा जिंकला. पुढे विश्वचषक अर्जेंटिनानेच नेला ही गोष्ट निराळी. पण त्या दिवशी ज्यांच्याकडे मेस्सी नव्हता त्यांनी एकजुटीच्या आणि शिस्तीच्या बळावर मेस्सीला थोपवले, आणि ते शस्त्र त्यांना याच नियमाने दिले होते. नियम दुबळ्याच्या हातातही सारखाच चालतो, ही त्याच्या बाजूची मोठी साक्ष आहे.

नियम काढूनच टाकला तर? हॉकीने तसे केले. १९९० च्या दशकात हॉकीतून ऑफसाइड गेला आणि खेळ बुडाला नाही. परंतु हॉकीत गोलापुढच्या अर्धवर्तुळातूनच गोल करता येतो; तेथे दुसरे बंधन आधीपासून आहे. फुटबॉलमध्ये तसे काही नाही. तेथे ऑफसाइड उठवला तर दोन-चार उंच माणसे गोलाशी उभी करून लांबून चेंडू भिरकावणे सर्वांत सोयीचे होईल, आणि शेफील्डचा जुना मुक्काम परत येईल. उत्तर अमेरिकेच्या लीगने १९७३ पासून काही वर्षे मध्यरेषेऐवजी गोलापासून ३५ यार्डांवर रेषा आखून तिच्या पुढेच ऑफसाइड धरला. तो प्रयोगही टिकला नाही. आमच्या मते पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नियमाच्या बाजूने आहेत. बंधनाला सयुक्तिक हेतू आहे, आणि ते दोन्ही बाजूंना सारखे आहे. खरी अडचण तिसऱ्या प्रश्नात आहे.

डोळा आणि यंत्र

रेषापंचाचे काम मनुष्याच्या कुवतीपलीकडचे आहे. चेंडू मारणारा एकीकडे, पुढे धावणारा तीस-चाळीस मीटर दुसरीकडे, आणि दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी पाहावयाचे. शिवाय तो बचावपटूच्या बरोबर रेषेत नसेल, एक पाऊल पुढे किंवा मागे असेल, तर कोन बदलतो. भिंतीवरच्या घड्याळाकडे बाजूने पाहिले म्हणजे काटा एखादे मिनिट इकडेतिकडे दिसतो, तसाच हा प्रकार. नेदरलंड्समधील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले की, रेषापंचांच्या पुष्कळ चुकांचे मूळ पक्षपातात नसून या कोनात असते. तेव्हा पंचाला शिव्या देणाऱ्यांनी आधी भूमितीला द्याव्यात.

यावर उपाय म्हणून यंत्र आले. २०१८ च्या विश्वचषकात व्हिडिओ पंच आला. २०२२ च्या विश्वचषकात १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदूंचा सेकंदाला ५० वेळा माग ठेवत होते, आणि चेंडूच्या आतील उपकरण सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होते. ढळढळीत चुका यामुळे थांबल्या. यंत्र घरच्या प्रेक्षकांच्या आरडाओरड्याला भीत नाही, मोठ्या क्लबाचे दडपण मानत नाही. एवढ्यासाठी आम्ही त्याचे स्वागत करतो.

पण आता गुडघा, खांदा, बुटाचे टोक एक-दोन सेंटिमीटर पुढे होते म्हणून गोल रद्द होऊ लागले. येथे थोडा हिशेब करावा. वेगाने धावणारा खेळाडू सेकंदाला ७ मीटर सहज जातो. सेकंदाला ५० चित्रे घेतली तर एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत तो १४ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. बचावपटू त्याच वेळी उलट दिशेने धावत असेल तर दोघांमधला फरक आणखी वाढतो. चेंडूतल्या उपकरणाने लाथेचा क्षण पुष्कळ नेमका कळतो हे खरे. पण लाथ बसताना पाय आणि चेंडू यांचा स्पर्शच मुळी सुमारे एक शतांश सेकंद टिकतो, आणि तेवढ्यात खेळाडू ७ सेंटिमीटर जातो. कायदा पहिला स्पर्श धरा म्हणतो, म्हणून निर्णय देता येतो. परंतु अशा परिस्थितीत दोन सेंटिमीटरवर गोल रद्द करणे म्हणजे धान्याच्या वखारीतील काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे.

आणि समजा, उद्या माप अगदी निर्दोष झाले. तरी प्रश्न उरतोच. नियमाचा हेतू काय होता? दाराशी टपून बसणाऱ्याला रोखणे. बुटाचे टोक दोन सेंटिमीटर पुढे असलेला माणूस टपून बसला होता काय? त्याला त्या दोन सेंटिमीटरचा कोणता फायदा मिळाला?

येथे आम्हांला आमच्या कामातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका सूतगिरणीत पूर्वी फाटकावर टाइमकीपर हजेरी मांडत असे, आणि सातच्या पाळीला दहा मिनिटांपर्यंतचा उशीर तो चालवून घेत असे. हे कोठे लिहिलेले नव्हते, रिवाज होता. पुढे अंगठ्याचे यंत्र बसले. खेड्यातून एसटीने येणाऱ्या एका बाईचा अंगठा सात वाजून चाळीस सेकंदांनी उमटला आणि तिचा अर्धा रोज कापला गेला. व्यवस्थापनाचे म्हणणे, यंत्र खोटे बोलत नाही. आम्ही म्हटले, यंत्र खरेच बोलते. पण हजेरीचा नियम कशासाठी आहे? साचे वेळेवर चालू व्हावेत यासाठी. चाळीस सेकंदांनी कोणता साचा थांबला? वाटाघाटी बरेच दिवस चालल्या. यंत्र राहिले, आणि दहा मिनिटांची सवलत करारात कलम म्हणून लिहिली गेली. जे टाइमकीपरच्या मर्जीवर होते ते हक्काचे झाले.

यावर एक चोख प्रतिप्रश्न विचारला जातो, आणि तो टाळता कामा नये. सवलत दहा मिनिटांची ठेवलीत, तर दहा मिनिटे पाच सेकंदांनी येणाऱ्याचे काय? दहा सेंटिमीटरची सूट दिलीत, तर अकरा सेंटिमीटरवाल्याचे काय? रेषा कोठे तरी ओढावीच लागणार. मग ती मूळ जागीच का नको? आमचे उत्तर असे आहे. मूळ रेषेवर पकडलेला माणूस मापाच्या चुकीमुळे पकडला गेलेला, म्हणजे खरोखर निर्दोष, असू शकतो. सवलतीच्या पलीकडे पकडलेला माणूस तसा असू शकत नाही. त्याने मूळ रेषा निःसंशय ओलांडलेली असते. दोन्हीकडे रेषाच आहे, पण एकीकडे निरपराध्याला शिक्षा होण्याचा संभव आहे आणि दुसरीकडे तो नाही. सवलतीचे समर्थन दयेच्या नव्हे, न्यायाच्या पोटी आहे.

आपल्या क्रिकेटवेड्या देशाला हे नवीन नाही. पायचीतच्या निर्णयात चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग यष्टीला लागताना दिसला तर मैदानावरील पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. यंत्राच्या अंदाजाला मर्यादा आहे हे तेथे नियमातच मान्य केले आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही २०२१–२२ च्या हंगामात पडद्यावरच्या रेषा जाड करून अगदी काठावरच्या प्रसंगी आघाडीच्या खेळाडूला झुकते माप दिले होते. आर्सेनलचे पूर्वीचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांची सूचना याहून पुढची आहे. ज्या अवयवाने गोल करता येतो असा एखादा जरी अवयव बचावपटूच्या बरोबरीत असेल तर खेळाडू खेळात धरावा, असे ते म्हणतात. चढाईला यामुळे बळ मिळेल हे उघड आहे. पण मिलिमीटरचे भांडण त्याने मिटणार नाही; ते नव्या जागी जाऊन बसेल. रेषा सरकवणे ही एक गोष्ट आणि रेषेला रुंदी देणे ही दुसरी. आजच्या अन्यायावर इलाज दुसरा आहे.

ठरवणार कोण

शेवटी, संघटनेच्या माणसाने जो प्रश्न विचारलाच पाहिजे तो विचारतो. हे नियम बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? १८८६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नियम मंडळाला. त्यात एकूण आठ मते आहेत. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे प्रत्येकी एक, आणि फिफाची चार. दुरुस्तीला सहा मते लागतात. फिफाच्या २११ सभासद संघटनांचा आवाज त्या चार मतांत सामावलेला, आपल्या भारताचाही त्यातच. आणि खेळाडू? इंग्लंडमधील खेळाडूंनी १९०७ साली मँचेस्टरला आपली संघटना उभारली, आणि १९६१ साली संपाची तयारी दाखवून कमाल वेतनाची मर्यादा उठवून घेतली. जगातील खेळाडूंची संघटना १९६५ पासून आहे. परंतु नियम मंडळात खेळाडूंना एकही मत नाही. सल्लागार समित्यांत माजी खेळाडू बसतात, सल्ला देतात. मत देत नाहीत. ज्याच्या बुटाच्या टोकावरून गोल रद्द होतो, त्याला ते टोक कसे मोजावे हे ठरवण्यात वाटा नाही. कारखान्यात याला आम्ही एकतर्फी स्थायी आदेश म्हटले असते.

तेव्हा आमचे मत असे आहे. ऑफसाइडचा नियम न्याय्य आहे. त्याने खेळ सहकार्याचा केला, दुबळ्याला एकजुटीचे शस्त्र दिले, आणि दीडशेहून अधिक वर्षांत तो अनुभवाने सुधारत आला. आज जो अन्याय वाटतो तो नियमाचा नाही. हेतूपासून तुटलेल्या मापाचा आहे. यंत्र ठेवावे, पण त्याच्या चुकीइतकी रुंदी रेषेला द्यावी, ती पंचाच्या मर्जीवर न सोडता नियमात लिहावी, आणि ती किती असावी हे ठरवताना खेळणाऱ्यांना मत असावे. पुढच्या सामन्यात निशाण वर गेले म्हणजे आपण जरूर भांडावे. तो प्रेक्षकांचा हक्क आहे. फक्त ओरडण्यापूर्वी एवढे पाहावे की, तो गडी खरोखर टपून बसला होता, की त्याचे बूटच काय ते पुढे होते.